रोज जवळ बाळगण्यासाठी लहान रिव्हॉल्व्हर: वजन नेमके किती कमी असावे?

किनारा

नमस्कार. परवान्याच्या सर्व बाबी पूर्ण झाल्या आहेत आणि आता कपड्यांआड रोज बाळगता येईल असे एक लहान रिव्हॉल्व्हर निवडायचे आहे. पिस्तुलाचा पर्याय मी विचारपूर्वक बाजूला ठेवला आहे, कारण माझ्या उजव्या हाताच्या बोटांत जुनी दुखापत आहे आणि लहान पिस्तुलाची ताठ स्लाइड (वरचा सरकता भाग) दर वेळी खात्रीने मागे खेचता येत नाही. तेव्हा कृपया चर्चा रिव्हॉल्व्हरपुरतीच ठेवावी.

तीन नावे माझ्यासमोर आहेत. पहिले स्मिथ अँड वेसनचे ३४० पीडी, ज्याची फ्रेम स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियमची आणि सिलिंडर टायटॅनियमचे असून रिकामे वजन सुमारे ३३५ ग्रॅम आहे. दुसरे रूगरचे एलसीआर, .३८ स्पेशल काडतुसाच्या आवृत्तीत, सुमारे ३८५ ग्रॅम. तिसरे स्मिथ अँड वेसनचेच ६४२, सुमारे ४१० ग्रॅम. तिन्हींत पाच काडतुसे बसतात, तिन्हींची नळी पावणेदोन ते दोन इंचांच्या दरम्यान आहे आणि तिन्हींचे हॅमर आत झाकलेले आहे. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण ते सर्वांत हलके आहे आणि त्यात .३८ स्पेशलबरोबर .३५७ मॅग्नम हे अधिक जोरदार काडतूसही चालते. खिशात ठेवायचे तर हलके तेवढे चांगले, असा माझा सरळ हिशेब आहे. तो कुठे चुकत असेल तर सांगावे.

मोजपट्टी

हिशेब खिशापुरता बरोबर आहे. हातापुरता तो उलटा आहे.

काडतूस तेच ठेवले, तर गोळी आणि जळलेली दारू नळीतून जो संवेग घेऊन बाहेर पडतात, तेवढाच संवेग शस्त्राला मागे मिळतो. संवेग ठरलेला असला की धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात जाते, म्हणजे वजन निम्मे झाले की ऊर्जा दुप्पट होते. त्याच कारखान्याचे ६४० हे पोलादी, पाच काडतुसांचे मॉडेल सुमारे सव्वासहाशे ग्रॅमचे आहे. ते आणि आपले ३३५ ग्रॅमचे, दोन्हींत एकाच डब्यातली .३५७ मॅग्नमची काडतुसे घातली आणि भरलेल्या पाच काडतुसांचे पाऊणशे ग्रॅम दोन्हीकडे धरले, तरी हलक्याचा धक्का सुमारे पावणेदोन पट येतो. मुळात ६४० मधूनही मॅग्नम झाडणे हे कोणी हौसेने फार वेळ करत नाही.

दुसरी गोष्ट अशी की .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ साली लांब नळीच्या, मोठ्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरसाठी आले. पावणेदोन इंचांच्या नळीत त्यातल्या दारूचा बराच भाग नळीच्या तोंडाबाहेर जळतो. वेग .३८ पेक्षा अधिक मिळतो हे खरे, पण त्यासोबत येणारा जाळ, दणका आणि हाताला बसणारा हिसका यांच्या मानाने तो लाभ तोकडा आहे. ‘दोन्ही चालतात’ हा मुद्दा निवडीतून काढून टाकावा, असे मी सुचवेन. या वजनात आपण .३८ च वापरणार आहात, हे आजच धरून चला.

जुनी_पुंगळी

मोजपट्टी यांच्या म्हणण्यात अनुभवाची भर घालतो. अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का फक्त हाताला बसत नाही, तो सिलिंडरमध्ये उरलेल्या काडतुसांनाही बसतो. पहिली गोळी सुटते तेव्हा शस्त्र झटक्याने मागे येते. शिल्लक काडतुसांच्या पुंगळ्या सिलिंडरबरोबर मागे ओढल्या जातात, परंतु आतली शिशाची गोळी जडत्वामुळे होती तिथेच राहू पाहते. पुंगळीच्या कडेची पकड ढिली असेल, तर प्रत्येक धक्क्याला गोळी थोडी थोडी पुढे सरकते. ती सिलिंडरच्या पुढच्या तोंडाबाहेर डोकावली की फ्रेमला अडते आणि सिलिंडर फिरायचे थांबते.

माझ्याबाबत हे रेंजवर घडले. मित्राचे टायटॅनियम सिलिंडरचे रिव्हॉल्व्हर होते आणि काडतुसे हलक्या शिशाच्या गोळीची, स्वस्तातली होती. तीन गोळ्या व्यवस्थित सुटल्या आणि चौथ्या वेळी चाप अर्ध्यावर दगडासारखा थांबला. सिलिंडर बाजूला उघडेनाही, कारण पुढे आलेली गोळी फ्रेमच्या आत अडकली होती. नळी सुरक्षित दिशेला धरून, लाकडी काडीने गोळी आत दाबत दाबत ते उघडायला पाऊण तास लागला. पिस्तूल अडकले तर स्लाइड ओढून पाहता तरी येते. येथे हातात काहीच उरत नाही.

म्हणून कोणतेही नवे काडतूस खिशात ठेवण्यासाठी निवडण्याआधी एक साधी चाचणी करावी. पाच काडतुसे भरावीत, त्यांतल्या एकावर पेनाने खूण करून त्याची लांबी कॅलिपरने मोजून लिहून ठेवावी, ते सर्वांत शेवटी येईल असे बसवावे आणि बाकीची चार झाडावीत. मग पाचवे बाहेर काढून पुन्हा मोजावे. लांबी वाढली असेल, तर ते काडतूस त्या शस्त्रासाठी नाही. ३४० पीडीत १२० ग्रेनपेक्षा (सुमारे पावणेआठ ग्रॅमपेक्षा) हलक्या गोळीची मॅग्नम काडतुसे वापरू नयेत, अशी सूचना उत्पादकाने दिलेली आहे, ती उगाच नव्हे.

वजनाचा हा मोह नवा नाही, हेही सांगून ठेवतो. स्मिथ अँड वेसनचे पोलादी ‘चीफ्स स्पेशल’ १९५० साली आले आणि दोनच वर्षांत त्याची ॲल्युमिनियम फ्रेमची ‘एअरवेट’ आवृत्ती निघाली. सुरुवातीच्या एअरवेटमध्ये सिलिंडरसुद्धा ॲल्युमिनियमचे होते. ते टिकेना, म्हणून सिलिंडर पुन्हा पोलादी करावे लागले. त्याच दशकात अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांसाठी ॲल्युमिनियम सिलिंडरची रिव्हॉल्व्हरे घेतली, त्यांच्यासाठी मुद्दाम कमी दाबाचे काडतूस बनवले, आणि शेवटी ती परत घेऊन बहुतेक नष्ट केली. ६४२ मध्ये फ्रेम ॲल्युमिनियमची आणि सिलिंडर पोलादाचे, ही जी वाटणी दिसते, ती त्या धड्यातून आलेली आहे.

रानवाट

थोडा विरोधी सूर लावतो. ३४० पीडीसारखे रिव्हॉल्व्हर मी अनेक वर्षे बाळगत आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. उन्हाळ्यात पातळ सुती पँटच्या पुढच्या खिशात सव्वासहाशे ग्रॅमचे पोलाद ठेवून पाहा. बसताना ते मांडीवर आपटते, चालताना लोलकासारखे हलते, खिसा खाली ओढला जातो आणि दोन आठवड्यांत ते घरच्या तिजोरीत मुक्कामाला जाते. जे शस्त्र जवळ नाही, त्याचा धक्का कितीही सौम्य असला तरी उपयोग काय?

मी त्यातून मॅग्नम कधीच झाडत नाही. १४८ ग्रेनची वॉडकटर काडतुसे वापरतो. सपाट डोक्याची, मऊ शिशाची ही गोळी मूळची कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल भोक पाडण्यासाठी बनवलेली. वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास, धक्का सौम्य. एवढ्या छोट्या नळीतून पोकळ टोकाच्या अनेक गोळ्यांना लक्ष्यात शिरल्यावर फुलण्याइतका वेग मिळतच नाही, तेव्हा फुलण्याच्या भरवशावर न राहणारी ही सपाट गोळी मला अधिक प्रामाणिक वाटते. ती पुरेशी आतपर्यंत जाते.

किनारा

जुनी_पुंगळी यांनी सांगितलेला प्रकार मला ठाऊक नव्हता. रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही असेच आजवर ऐकत आलो. रानवाट यांना प्रश्न: मॅग्नम झाडायचेच नसेल, तर सुमारे ७५ ग्रॅम वाचवण्यासाठी स्कँडियम आणि टायटॅनियमची किंमत मोजण्यात अर्थ आहे का?

रानवाट

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आज घेतले असते तर ६४२ च घेतले असते. शिवाय टायटॅनियमच्या सिलिंडरची निगा वेगळी असते. पुढच्या तोंडावरची काजळी घासण्यासाठी खरखरीत काही वापरले, तर वरचा संरक्षक थर निघतो. मी ती काजळी तशीच राहू देतो.

पाचघरी

आतापर्यंत सगळे शस्त्राच्या वजनावर बोलत आहेत. चापाचे वजन कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते.

झाकलेल्या हॅमरच्या लहान रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण साडेचार ते साडेपाच किलो जोर लागतो, कारण त्या एका ओढीत सिलिंडर फिरवायचे असते, हॅमर मागे न्यायचे असते आणि शेवटी सोडायचेही असते. आता ४१० ग्रॅमचे शस्त्र हातात आहे आणि त्याच्या एका भागावर आपण त्याच्या दहापटीहून अधिक जोर लावत आहोत. शस्त्र जितके हलके, तितके ते या ओढीबरोबर डोलते. नवशिक्यांच्या गोळ्या सात मीटरवर डावीकडे खाली जातात, त्याला धक्का कारणीभूत नसतो, कारण गोळी सुटेपर्यंत धक्का आलेलाच नसतो. शस्त्र हलते ते चाप ओढताना.

या बाबतीत एलसीआरला मी झुकते माप देईन. २००९ साली ते आले, तेव्हा चापाची यंत्रणा बसवलेला मागचा भाग पॉलिमरचा आहे म्हणून अनेकांनी नाके मुरडली होती. पण आतल्या कॅमच्या घडणीमुळे ओढीचा जोर शेवटाकडे एकदम वाढत नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागतो. जे-फ्रेममध्ये, म्हणजे ६४२ सारख्या स्मिथ अँड वेसनच्या लहान फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये, शेवटच्या टप्प्यात जी चढण जाणवते, ती येथे नाही. एक खोड मात्र आहे. चाप परत पुढे सोडताना वाटेत एक खोटी टिक जाणवते, आणि तिलाच शेवट समजून बोट पुन्हा मागे ओढले, तर पुढची गोळी सुटत नाही. चाप पूर्ण पुढे जाऊ देण्याची सवय बोटाला लावावी लागते.

उघड्या हॅमरच्या आवृत्त्या कोणी सुचवील, त्याआधीच लिहितो. अंगठ्याने हॅमर मागे ओढून हलक्या चापाने नेम साधणे कागदावर सुखाचे असते. पण खिशातून काढताना हॅमरचा काटा अस्तरात अडकतो, आणि एकदा ओढलेले हॅमर थरथरत्या हाताने परत खाली उतरवणे हे मला माहीत असलेल्या सर्वांत धोक्याच्या कामांपैकी एक आहे.

अबोली

माझ्या हाताची पकड लहान आहे आणि मनगट नाजूक आहे, म्हणून हा धागा सुरुवातीपासून वाचत आहे. मला .२२ चे रिव्हॉल्व्हर घ्यावे असा सल्ला जवळपास प्रत्येकाने दिला. धक्का जवळजवळ नाही आणि एलसीआरच्या .२२ लाँग रायफल आवृत्तीत आठ काडतुसे बसतात, हे पटलेही. परंतु हातात घेतल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. .२२ ची ठिणगी, म्हणजे दारू पेटवणारा मसाला, पुंगळीच्या कडेत असते, ती खात्रीने पेटावी म्हणून हॅमरचा ठोसा जोरदार ठेवावा लागतो, आणि त्यामुळे चाप .३८ पेक्षाही जड निघाला. माझी अडचण नेमकी चापाचीच होती. शिवाय कडेच्या ठिणगीची काडतुसे मधल्या ठिणगीच्या काडतुसांइतकी भरवशाची नसतात.

शेवटी मी .३२ एच अँड आर मॅग्नमकडे वळले. १९८४ सालचे हे काडतूस मधल्या ठिणगीचे आहे, त्याच जे-फ्रेमच्या आकारात पाचाऐवजी सहा बसतात आणि हलक्या फ्रेममध्येही धक्का सोसवतो. काडतुसे सगळीकडे सहज मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. मी एकदम साठा करून ठेवते. ज्यांना .३८ चे वॉडकटरही जड जाते, त्यांनी .२२ वर उडी मारण्याआधी हे एकदा झाडून पाहावे.

डावखुरा

बाळगण्याबद्दल कोणीच सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

खिशात रिव्हॉल्व्हर ठेवायचे तर होल्स्टरशिवाय कधीही ठेवू नये आणि त्या खिशात दुसरे काहीही ठेवू नये. किल्ली नाही, नाणे नाही, रुमालही नाही. होल्स्टरने चापाचे कडे पूर्ण झाकले पाहिजे. चांगल्या खिशाच्या होल्स्टरची बाहेरची बाजू खरखरीत असते किंवा तिला एक आकडा असतो, जेणेकरून शस्त्र काढताना होल्स्टर अस्तराला धरून आत राहील. माझे पहिले होल्स्टर गुळगुळीत होते. घरी रिकाम्या शस्त्राने सराव करताना आरशात पाहिले, तर मी मोठ्या आवेशाने होल्स्टरसकट रिव्हॉल्व्हर रोखून उभा होतो.

महिन्याने सिलिंडर उघडून पाहा. कापसाचा बारीक तंतू आणि धूळ यांचा राखाडी गोळा नळीत, चापामागे आणि सिलिंडरमागच्या चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) साठलेला असतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने तो निघतो.

मुठीचे आवरणही वजनाइतकेच महत्त्वाचे आहे. लहान मुठीवर करंगळी खाली लोंबते आणि धक्क्याला शस्त्र तळव्यात फिरते. लांब रबरी आवरण हाताला सुख देते, पण रबर कापडाला चिकटते आणि शस्त्र वर येताना सदरा सोबत घेऊन येते. फ्रेमची मागची कड झाकणारे आवरण घ्यावे, कारण उघडी धातूची कड अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात नेमकी बसते. डावखुऱ्यांसाठी एवढेच, की सिलिंडर उघडण्याची कळ डाव्या बाजूला असते. मी ती तर्जनीने दाबतो आणि आता तेच मला सोयीचे वाटते.

जुनी_पुंगळी

डावखुरा यांनी चांदणीचा विषय काढलाच आहे, तर पुन्हा भरण्याबद्दल दोन शब्द. छोट्या नळीखाली पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडीही छोटीच असते आणि ती पुंगळ्या पूर्ण बाहेर काढत नाही. नळी आकाशाकडे करून दांडीवर तळव्याने एकच जोरदार फटका मारावा, म्हणजे उरलेले काम गुरुत्वाकर्षण करते. नळी आडवी धरून हलकेच दाबले, तर एखादी पुंगळी चांदणीखाली घसरते, आणि तिथे अडकलेली पुंगळी नखाने काढणे हा घाईत न जमणारा उद्योग आहे.

वॉडकटर वापरणाऱ्यांनी आणखी एक करावे. त्या गोळीचे सपाट तोंड पुंगळीच्या काठाशी समपातळीत असते, त्यामुळे सिलिंडरच्या घरात शिरताना ते कडेला अडते. सिलिंडरमध्ये वॉडकटर आणि खिशातल्या पट्टीत (पुन्हा भरण्यासाठी काडतुसे ओळीने धरणाऱ्या पट्टीत) निमुळत्या तोंडाची काडतुसे, अशी वाटणी मी ठेवतो. तीही मोजून घेतलेली, हे सांगायला नको.

मोजपट्टी

पाचघरी यांनी चापाच्या जोराची शस्त्राच्या वजनाशी घातलेली सांगड मला सुचायला हवी होती. किनारा यांना एक विनंती: विकत घेण्याआधी तिन्ही रिव्हॉल्व्हरे रेंजवर उसनी घेऊन प्रत्येकातून सलग पन्नास गोळ्या झाडून पाहाव्यात. पहिल्या पाच कोणालाही झेपतात. चाळिसाव्या गोळीला आपण डोळे मिटत आहात का, हे शेजारी उभ्या माणसाला पाहायला सांगावे.

किनारा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. तिन्ही मिळवून झाडायला वेळ लागला.

३४० पीडीमधून मॅग्नमची पाच काडतुसे झाडली. सहावे भरले नाही. बेचक्यातली कातडी फाटून रक्त आले होते आणि दुखऱ्या बोटांत संध्याकाळपर्यंत मुंग्या होत्या. त्यातूनच वॉडकटर झाडले, तेव्हा सव्वीसपर्यंत पोहोचलो. मित्राच्या म्हणण्याप्रमाणे विसाव्यापासून माझे डोळे मिटत होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. एलसीआर आणि ६४२ या दोन्हींतून पन्नास पूर्ण झाले. चाप एलसीआरचा निर्विवादपणे चांगला, पण ती खोटी टिक मला पन्नासांत तीनदा फसवून गेली, आणि माझ्या बोटांना तिची सवय होईल असा भरवसा वाटला नाही. ६४२ चा चाप जड आहे. तो कुठे आहे ते मात्र मला प्रत्येक वेळी कळत होते. पाच मीटरवर शेवटच्या दहांपैकी नऊ गोळ्या तळहाताएवढ्या जागेत होत्या.

तेव्हा ६४२ घेतले आहे. मूळच्या मुठीऐवजी मागची कड झाकणारे, जरा जाड आवरण बसवले. भरलेले वजन पाचशे ग्रॅमच्या आत आहे आणि आठ दिवस पुढच्या खिशात बाळगल्यावर त्याचा त्रास वाटलेला नाही. रोज रात्री काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसे) घालून, पंचवीस वेळा सावकाश चाप ओढतो. नळीवर एक नाणे आडवे ठेवतो. पहिल्या रात्री ते प्रत्येक वेळी पडले. काल अकरा वेळा टिकले.

जुनी_पुंगळी

अभिनंदन. निवड योग्य वाटते. पाचवे काडतूस मोजले का?

किनारा

मोजले, दोनदा मोजले. वॉडकटर हललेले नाही. पट्टीसाठी आणलेल्या निमुळत्या तोंडाच्या काडतुसांपैकी एक मात्र अर्धा मिलिमीटर पुढे आले होते. त्या डब्यावर लाल खूण करून तो सरावासाठी बाजूला ठेवला आहे आणि पट्टीसाठी दुसरे काडतूस शोधत आहे.